साठ पानांचे लग्न

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण आपण सर्वांनी शाळेतल्या निबंधात कधी ना कधी वापरली आहे. ती ज्याने प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढे गावजेवणाचे लग्न असणार. शेकडो माणसे, चार-चार पंगती, उसनवारीची भांडी आणि लग्नानंतर काही वर्षे चालणारी फेड. पण मोजक्या माणसांचे लग्नही करूनच पाहावे लागते, हे मला गेल्या वैशाखात कळले. त्या अनुभवावरून आणि त्यानिमित्ताने केलेल्या थोड्या वाचनावरून हा लेख लिहीत आहे.

माझ्या चुलतबहिणीचे लग्न ठरले. मुलाकडची मंडळी ठाण्याची. दोन्ही घरांनी मिळून ठरवले की लग्न जवळच्या साठ माणसांत करायचे, आणि तेही मुलीच्या दारात किंवा शहरातल्या हॉलमध्ये नाही, तर साजगावपासून चार किलोमीटरवरच्या एका लहान फार्म हाऊसवर. पहिल्या बैठकीला काकांनी एक दोनशेपानी वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तू कॉलेजात जातेस, वही तू धर." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे रेशनकार्डाच्या अर्जापासून लग्नाच्या यादीपर्यंत लेखणीची सगळी कामे माझ्याकडे येतात.

आमच्या घराला लहान लग्नाची गरज का वाटली, हेही सांगायला हवे. २०१८ साली माझ्या सख्ख्या ताईचे लग्न झाले. सातशे पाने उठली. गाव अजून त्या जेवणाची आठवण काढते. त्या लग्नासाठी बाबांनी पतपेढीचे कर्ज काढले आणि आईच्या बांगड्या गहाण पडल्या. मी तेव्हा सातवीत होते. शेवटचा हप्ता भरला तेव्हा मी अकरावीत होते. मधल्या काळात माझी दहावी झाली, पण शिकवणीचे नाव मी घरात काढले नाही. काकांनी हे सारे शेजारच्या ओटीवरून पाहिले होते.

आमच्याच भागात का?

'डेस्टिनेशन वेडिंग' हा शब्द आता आपल्या कानांना नवा राहिलेला नाही. वधूचे गाव नाही, वराचेही नाही, अशा तिसऱ्याच ठिकाणी दोन्हीकडच्या मंडळींनी जाऊन लग्न लावायचे, असा त्याचा अर्थ. श्रीमंत लोक त्यासाठी उदयपूरचे राजवाडे किंवा गोव्याचा किनारा गाठतात. मुंबई-पुण्याच्या मध्यम स्थितीतल्या माणसांना तेवढे लांब जाणे परवडत नाही. त्यांच्यासाठी कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके सोयीचे पडतात. कारण नकाशातच आहे. दोन्ही तालुके बोरघाटाच्या पायथ्याशी, मुंबई आणि पुणे यांच्या मध्ये. कर्जत हे मुख्य लोहमार्गावरचे स्टेशन. तिथून पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करीत गाडीचा फाटा खोपोलीला येतो. जुना मुंबई-पुणे रस्ता इथूनच जातो आणि २००२ साली पूर्ण खुला झालेला द्रुतगती मार्गही इथूनच. भोवती डोंगर, ओढे आणि पावसाळ्यात धबधबे. आमच्या बाजूच्या पुष्कळ भातखाचरांची फार्म हाऊसे झाली आहेत. ज्यांच्या घरांनी जमिनी विकल्या त्यांचीच मुले आज तिथे माळी, वॉचमन आणि वाढपी आहेत. मी स्वतः दोन हंगाम अशा लग्नांत वाढण्याचे काम केले आहे. म्हणजे दुसऱ्यांची लहान लग्ने मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिली होती. घरच्या लग्नात वही हातात आली तेव्हा त्याचा उपयोग झाला.

मोजक्या माणसांत आणि घरापासून दूर लग्न लावणे ही कल्पनाही आपल्याकडे परकी नाही. देवाच्या दारी लग्न लावण्याची चाल जुनी आहे. आळंदी हे त्याचे ठळक उदाहरण. ज्ञानेश्वरमहाराजांच्या समाधीच्या गावात लग्न लावून देणारी कितीतरी कार्यालये आहेत. ऐपत नाही म्हणून, घाई आहे म्हणून, किंवा घरचा विरोध आहे म्हणून लोक पाच-पंचवीस माणसांनिशी तिथे येतात आणि संध्याकाळी परत जातात. त्याच्याही आधी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह झाला. पुरोहिताशिवाय आणि कमी खर्चात लग्न लागू शकते, हे जोतीराव आणि सावित्रीबाईंनी त्या काळात करून दाखवले. आणि अलीकडे कोरोनाने सगळ्यांनाच लहान लग्न शिकवले. २०२० साली लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती २५ माणसे आणि दोन तास एवढी खाली आली, आणि मोडणाऱ्याला ५० हजार रुपये दंड. त्या दिवसांत लागलेली लग्नेही लग्नेच ठरली. सक्ती गेल्यावर बहुतेकांनी पुन्हा मोठे मांडव घातले, पण लहान लग्न होऊ शकते हे लोकांच्या मनात राहिले.

यादी

लहान लग्नात सर्वांत अवघड काम जागा शोधण्याचे नसते, यादीचे असते. आमच्या वहीतली पहिली यादी नुसत्या मुलीकडची २१४ माणसांची झाली, आणि तीही 'अगदी जवळची' म्हणून. आपल्या नात्यांची रचनाच अशी आहे की एक नाव लिहिले की त्याला धरून पाच येतात. एका चुलत काकांना बोलावले तर उरलेल्या चार भावांना काय सांगणार?

म्हणून माणसे निवडू नयेत, नियम ठरवावा. आम्ही असा ठरवला: आजी-आजोबा, आईवडील, त्यांची सख्खी भावंडे जोडीने, नवरा-नवरीची सख्खी आणि पहिली चुलत-मावस भावंडे, आणि प्रत्येकी चार मित्र-मैत्रिणी. दोन्हीकडे तीस-तीस. नियमाचा फायदा असा की तो उघडपणे सांगता येतो. "तुम्हाला गाळले" असे कोणाला म्हणावे लागत नाही, "आजोबांच्या पुढच्या शाखेला कोणालाच बोलावले नाही" एवढेच म्हणावे लागते. मात्र नियम दोन्ही बाजूंना सारखा हवा. एका बाजूची साठ आणि दुसऱ्या बाजूची वीस झाली की लग्न लहान राहते, पण मने लहान होतात.

आणखी एक गोष्ट मी वाढप करताना शिकले होते. यादीतल्या पाहुण्यांखेरीज जेवणारी माणसे असतात. भटजी, धवलारीण, आचारी आणि त्याचे दोन मदतनीस, फोटोवाले, गाड्यांचे ड्रायव्हर, वॉचमन. मोठ्या लग्नात ही दहा-बारा पाने सहज खपून जातात. सातशेत दहा कोणाला दिसतात? पण साठांत दहा म्हणजे सहावा हिस्सा. ड्रायव्हर शेवटी जेवायला येतो आणि भाताच्या पातेल्यात खरवड उरलेली असते, असे मी दोनदा पाहिले आहे. आमच्या आचाऱ्याचा हिशेब शंभर पानांना दहा किलो तांदळाचा होता. आम्ही त्याला सत्तर पाने सांगितली, साठ नाही.

दिवस आणि जागा

आमच्याकडे लग्नाचा हंगाम तुळशीच्या लग्नापासून धरतात आणि चातुर्मास लागला की तो थांबतो. त्यातला दिवस निवडताना इथल्या चार गोष्टी बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतात. कार्तिक वद्य एकादशीपासून साजगाव-ताकईची बोंबल्या विठोबाची यात्रा भरते आणि पंधरा दिवस चालते. सुक्या मासळीच्या या बाजारासाठी सगळा तालुका लोटतो. त्या काळात या रस्त्याने वऱ्हाडाची बस वेळेवर येईल असा भरवसा धरू नये. वैशाखात पाणी आटते, तेव्हा विहीर दाखवणाऱ्याला टँकरचे विचारावे. सुट्टीच्या वारी जागेचे भाडे जास्त, आडवारी कमी. आणि पावसाळ्यात भाडे उतरते म्हणून जे डोंगराच्या कुशीतल्या जागा पाहतात त्यांनी इर्शाळवाडी आठवावी. १९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्याच खालापूर तालुक्यात ती वाडी दरडीखाली गेली. पाहुण्यांना दिसणारे हिरवे डोंगर इथल्या माणसांना पावसात झोप लागू देत नाहीत.

जागा पाहायला जाताना आपण हिरवळ आणि झोपाळा पाहतो. पाहायला हवी ती मोरी, संडास, पाण्याची टाकी, वीज गेल्यास जनरेटर, सावलीत चूल मांडायला जागा, आणि म्हाताऱ्या माणसांना चढाव्या लागणाऱ्या पायऱ्या. जवळचा दवाखाना किती दूर आहे तेही पाहावे. मुंबईहून खोपोलीला थेट येणाऱ्या गाड्या थोड्या आहेत. बाकीच्यांना कर्जतला गाडी बदलावी लागते आणि एक चुकली तर बराच खोळंबा होतो. म्हणून आम्ही ठाण्याच्या मंडळींना सरळ कर्जतला उतरवून तिथून बस केली. ज्यांना माथेरानची हौस आहे त्यांनी लक्षात ठेवावे की मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात. तिथून पुढे नवरीच्या शालूपासून भांड्यापर्यंत सर्व काही माणसाने, गाडीने किंवा घोड्याने न्यावे लागते.

आणि शेवटचे म्हणजे आवाज. रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंद ठेवावा, हा नियम २००० सालापासून आहे. फार्म हाऊसच्या कुंपणापलीकडे वाडी असते आणि वाडीत दुसऱ्या दिवशी पहाटे उठून कामावर जाणारी माणसे असतात. ती आमचीच माणसे आहेत म्हणून लिहिते.

पैशाचा हिशेब

माणसे दहापट कमी केली म्हणजे खर्च दहापट कमी होतो, असा बाबांचाही समज होता. वहीत मांडल्यावर तो खोटा ठरला. लग्नाचा काही खर्च माणसांच्या संख्येबरोबर वाढतो, जसे जेवण, पत्रिका, मानपान. काही खर्च संख्येकडे पाहत नाही, जसे कपडे, दागिने, भटजी, फोटो. आणि काही खर्च दूर गेल्यामुळे नव्यानेच येतो.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. समजा, एका पानाला ३०० रुपये पडतात. सातशे पानांचे २,१०,००० झाले. साठांचे १८,०००. वाचले १,९२,०००. आता गावच्या मांडवाचा खर्च वजा केल्यावर जागेचे जास्तीचे भाडे ६०,००० धरा, बस १५,०००, वाढपी आणि भांडी घासणाऱ्या बायांची मजुरी १२,०००, टँकर आणि जनरेटर ८,०००. हे ९५,००० झाले. म्हणजे खरी बचत ९७,०००. रक्कम लहान नाही, पण प्रथम वाटली तिच्या ती निम्मी आहे.

याहून महत्त्वाची बाब आहेराची. गावच्या लग्नात माणसे नुसती जेवून जात नाहीत. ५१, १०१, ५०१ अशी पाकिटे देऊन जातात आणि ती वहीत लिहिली जातात. पुढे त्यांच्या घरी कार्य निघाले की वही उघडून तेवढे किंवा थोडे वाढवून परत करतात. एका अर्थी ही सगळ्या गावाची मिळून चाललेली भिशी आहे. काकांनी वीस वर्षे लोकांच्या लग्नांत घातलेला पैसा याच लग्नात परत यायचा होता. समजा, पाहुणे कमी केल्यामुळे आहेर ७०,००० नी घटला, तर त्या दिवशी हातात उरणारा फरक फक्त २७,००० चा. लहान लग्न करणारा या भिशीतून आपला हप्ता न उचलताच बाहेर पडतो. आमच्या आजीने हे एका वाक्यात सांगितले, "जेवायला नाही बोलावलंस, मग दिलेलं मागायचं कोणत्या तोंडानं?" लहान लग्नाची बाजू मांडणारे लोक याचा हिशेब धरत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिले. तरीही काका डगमगले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की आहेर हेही फेडायचे कर्जच आहे, आणि व्याजाने पैसे काढून ते मिळवण्यात अर्थ नाही.

इथे एक सावधगिरी सांगायला हवी. "जेवणाचा खर्च वाचला, मग तेवढे सोने मुलीच्या अंगावर घाला," अशी भाषा काही ठिकाणी ऐकू येते. तशी मागणी करणे म्हणजे हुंडाच मागणे. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्याने देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. लहान लग्नात वाचलेला पैसा वरपक्षाच्या घरी जाणार असेल तर ते लग्न मोठे केलेले बरे.

कागदपत्रे

परगावी लग्न करणाऱ्यांनी कायद्याच्या तीन गोष्टी आधी समजून घ्याव्यात. मुलाचे वय २१ आणि मुलीचे १८ पूर्ण हवे, हे सर्वांना ठाऊक आहे. दुसरी गोष्ट नोंदणीची. धार्मिक विधीने लग्न झाले तरी महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याप्रमाणे त्याची नोंद करावी लागते. ९० दिवसांत अर्ज द्यावा, उशीर झाल्यास जादा शुल्क पडते. अर्जावर तीन साक्षीदारांच्या आणि लग्न लावणाऱ्या पुरोहिताच्या सह्या लागतात. परगावचे भटजी लग्न लावून निघून गेले की सहीसाठी त्यांना शोधत फिरावे लागते. आम्ही अर्ज भरूनच नेला होता आणि अक्षता पडल्यावर लगेच सही घेतली.

तिसरी गोष्ट, ज्यांना १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचे आहे त्यांच्यासाठी. दोघांपैकी एकजण ज्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहत आहे, त्याच जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते, आणि त्यानंतर ३० दिवस थांबावे लागते. म्हणजे ठाण्याच्या जोडप्याला डोंगर आवडला म्हणून रायगडात अचानक असे लग्न लावता येत नाही. मात्र अधिकारी जादा शुल्क घेऊन कचेरीबाहेर, वाजवी अंतरावरच्या ठिकाणी येऊ शकतो, अशी सोय त्याच कायद्यात आहे. काहीजण उलट करतात. हिंदू पद्धतीने लग्न झाल्याचा दाखला आधी मिळवतात आणि विधी पुढे ढकलतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की आवश्यक विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही.

हात

इथपर्यंतची सगळी कामे वहीप्रमाणे झाली. चूक झाली ती वहीत जे लिहिलेच नव्हते त्यात.

गावच्या लग्नात पाहुणा आणि कामकरी ही वेगवेगळी माणसे नसतात. तांदूळ निवडायला आळीतल्या बाया येतात. मांडवाचे बांबू पोरे रोवतात. समाजमंदिरातून पातेली कोण आणतो, पिंप कोण भरतो, पंगतीत भात कोण आणि वरण कोण फिरवतो, हे कोणी ठरवत नाही. ते वर्षानुवर्षे ठरलेले असते. वाढणारा शेवटच्या पंगतीला जेवतो आणि रात्री सतरंज्या झाडून घरी जातो. त्याला मजुरी कोणी विचारत नाही, कारण त्याच्या घरच्या लग्नात आपण तेच करणार असतो. आपण सातशे पाने मोजतो तेव्हा त्यांत निदान शंभर जोड्या हात असतात, हे आपल्या ध्यानात येत नाही. पाहुणे कमी केले की ते हातही जातात. कामे मात्र जवळजवळ तेवढीच राहतात.

आम्ही एकाच दिवसात सर्व उरकायचे ठरवले होते. सकाळी मांडवाचा विधी, मग हळद, दुपारी लग्न, सगळे फार्म हाऊसवरच. सकाळी सात वाजता धवलारीण आली. आमच्याकडे लग्नात भटजी असले तरी धवलारीण लागतेच. प्रत्येक विधीचा धवला ती गाते, आणि पुढे काय करायचे ते तिच्या गाण्यातूनच घरच्या बायांना कळते. तिने पदर खोचला आणि विचारले, "मेढ कुठाय?"

मुहूर्तमेढ आणायला कोणाला सांगितलेच नव्हते. काकांनी माझ्याकडे पाहिले, मी वहीकडे पाहिले. वहीत फुलांच्या माळा होत्या, आइस्क्रीम होते, जनरेटरचे डिझेल होते. उंबराची मेढ नव्हती. गावात ती कधी कोणी लिहिलीच नव्हती, कारण ती आपोआप येत असे. आजोबांचे एक चुलतभाऊ आहेत. आमच्या भावकीतल्या प्रत्येक लग्नाला गेली चाळीस वर्षे मेढ तेच आणतात आणि तेच रोवतात. नियमाप्रमाणे ते 'पुढच्या शाखेचे' होते. त्यांचे नाव मी स्वतःच्या हाताने खोडले होते. आणि भेटून सांगायचे राहून गेले होते.

एवढ्यात फाटकावरून वॉचमनचा निरोप आला की एक म्हातारे गृहस्थ आले आहेत, यादीत नाव नाही, आत सोडू का? वही माझ्याकडे असल्याने मीच धावले. धाकटे आजोबा खांद्यावर उंबराची फांदी आणि हातात आंब्याचे डहाळे घेऊन उभे होते. चार किलोमीटर चालत आले होते. मला पाहून म्हणाले, "दूध घालणाऱ्यानं सांगितलं, लग्न आज आहे. म्हटलं, हे लोक मेढ विसरणार." त्यांनी फांदी माझ्या हातात दिली आणि परत वळले.

मी त्यांना जाऊ दिले नाही. काका येऊन त्यांच्या पाया पडले. हिरवळीत खड्डा खणायची परवानगी नव्हती, म्हणून रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू भरून त्यात आजोबांनी मेढ उभी केली, आणि धवलारणीने पहिला धवला सुरू केला. त्या दिवशी पाने एकसष्ट झाली. नियम मोडला. पण जेवताना आजोबा कोणाशी फारसे बोलले नाहीत, आणि नंतरच्या दिवाळीला आमच्या घरी आले नाहीत. मेढीने लग्न सावरले, सांगायचे राहिलेले मात्र राहिलेच.

म्हणून ज्यांना असे लग्न करायचे आहे त्यांना मी वहीचा क्रम बदलायला सांगेन. आधी पाहुण्यांची यादी करू नका. आधी कामांची करा. मेढ आणण्यापासून शेवटची सतरंजी गुंडाळण्यापर्यंत एकेक काम लिहा आणि त्यापुढे माणसाचे नाव घाला. घरातल्या एखाद्या वयस्क बाईला जवळ बसवून ही यादी करा, कारण लिहिलेले नसते ते तिला ठाऊक असते. ज्या कामापुढे पैसे देऊन माणूस मिळतो तिथे मजूर लिहा. ज्या कामापुढे एकच नाव सुचते, ते नाव पाहुण्यांच्या यादीत सर्वांत वर जाईल. 'जवळचे' कोण, हा प्रश्न रक्ताच्या नात्याने जेवढा सुटतो त्याहून अधिक या यादीने सुटतो.

आणि ज्यांना बोलावता येत नाही त्यांना लग्नाच्या आधी, घरी जाऊन, घरातल्या कर्त्या माणसाने स्वतः सांगावे. फोनवर नको, मोबाईलवरच्या संदेशाने तर नकोच. हे काम आम्ही चाळीस घरांत केले. वाटले होते तेवढा राग कोणी केला नाही. "बरं केलंत, कर्ज नको," असे म्हणणारेही भेटले. राग आला तो फक्त जिथे जायचे राहिले तिथे. शक्य असेल तर हळद तरी घरच्या अंगणातच करावी. गावाला तेव्हा चहा द्यावा, धवले होऊ द्यावेत, आणि लग्नाला मग मोजकी माणसे घेऊन कुठेही जावे. आम्ही एक दिवस वाचवण्याच्या नादात हे केले नाही.

काकांनी कर्ज काढले नाही. चुलतबहिणीच्या धाकट्या भावाने जूनमध्ये आय.टी.आय.ला प्रवेश घेतला आणि त्याची फी वेळेवर भरली गेली. वही माझ्याकडेच आहे. आता पहिल्या पानावर मी कामांची यादी नव्याने लिहून ठेवली आहे, आणि तिच्यात पहिल्या ओळीत मेढ आहे. त्यापुढे धाकट्या आजोबांचे नाव लिहिले आहे. पुढच्या कार्याच्या आधी त्यांच्या घरी मलाच जायचे आहे.